औषध लागू पडेल कीं नाहीं?

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागांत, गिरणा नदीच्या वरच्या खोऱ्यांत, कळवण हें तालुक्याचें गांव आहे. सप्तशृंगीचा गड याच तालुक्यांत. कळवण, सटाणा, मालेगांव व देवळा या चार तालुक्यांच्या प्रदेशाला तेथील लोक चारही नांवांचीं आद्याक्षरें जोडून ‘कसमादे’ असें म्हणतात. या टापूंत कांद्याच्या जोडीला डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, त्यांच्या जोरावर घरें बांधलीं गेलीं, मुलांचीं शिक्षणें झालीं. आणि २००० सालानंतरच्या काळांत त्याच बागांवर असा एक रोग आला कीं, पुष्कळ शेतकऱ्यांना उभीं झाडें मुळासकट उपटून टाकावीं लागलीं. शेतकरी त्या रोगाला ‘तेल्या’ म्हणतात. प्रथम पानावर किंवा फळावर तेलाचा थेंब सांडावा तसा ओलसर डाग दिसतो. तो काळा पडतो, पसरतो, आणि शेवटीं फळाची साल तडकते. चांगलें पोसलेलें फळ पाहतां पाहतां मातीमोल होतें.

हा रोग किडीचा नव्हे कीं बुरशीचाही नव्हे. तो झँथोमोनास नांवाच्या एका सूक्ष्म जंतूचा आहे. जंतूचा रोग म्हटल्यावर जंतु मारणारें औषध फवारावें हा विचार ओघानेंच आला. तसें औषध बाजारांत लहानशा पुडींतून मिळत असे. त्याचें नांव स्ट्रेप्टोसायक्लीन. त्यांत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लीन. पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं स्थापन झालेला ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना तें तयार करी. मुळांत हा कारखाना निघाला तो माणसांसाठीं पेनिसिलिन करण्याकरितां. आणि बागेंत फवारल्या जाणाऱ्या त्या पुडींतील स्ट्रेप्टोमायसिन हेंही मुळांत माणसाचें औषध. १९४३ सालीं अमेरिकेंतील रटगर्स विद्यापीठांत, सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत काम करीत असतां आल्बर्ट शॅट्झ यांना तें मातींतील एका सूक्ष्म जीवापासून मिळालें, आणि क्षयरोगावर लागू पडलेलें तें पहिलें प्रतिजैविक ठरलें.

अशा रीतीनें कळवणच्या शिवारांतील बागाईतदार आणि कळवणच्याच उपजिल्हा रुग्णालयांत तापाच्या रोग्यापुढें उभा असलेला डॉक्टर, या दोघांच्याही हातांत एकाच जातीचें शस्त्र असतें, आणि दोघांच्याही मनांत प्रश्नही एकच असतो: हें औषध या जंतूवर लागू पडेल कीं नाहीं? हा प्रश्न अनुभवी वैद्याला विचारून सुटत नाहीं, औषधाच्या किंमतीवरूनही सुटत नाहीं. तो प्रत्यक्ष त्या जंतूलाच विचारावा लागतो. विचारण्याची रीत प्रयोगशाळेनें बसविलेली आहे, आणि ती समजण्यास कठीण नाहीं.

‘भारी’ औषधाची समजूत

घरोघर अशी एक समजूत रुजलेली आहे कीं, औषधें हलकीं व भारी अशीं दोन प्रकारचीं असतात. हलक्यानें गुण आला नाहीं म्हणजे भारी द्यावें. प्रतिजैविकांच्या बाबतींत ही समजूत साफ चुकीची आहे. प्रतिजैविक हें हातोड्याप्रमाणें सर्वांवर सारखेंच आपटत नाहीं. तें जंतूच्या जीवनांतील एखाद्याच ठराविक कामांत व्यत्यय आणतें. पेनिसिलिन जंतूच्या शरीराभोंवतालची भिंत नीट बांधूं देत नाहीं. स्ट्रेप्टोमायसिन जंतूच्या अंगांत प्रथिनें तयार होण्याच्या क्रियेंत बिघाड करतें. जेथें तें काम निराळ्या रीतीनें चालतें, किंवा जेथें जंतु औषध आंत शिरूं देत नाहीं, तेथें औषध कितीही महाग असलें तरी तें व्यर्थ. न्यूमोनियाच्या जंतूंची दाणादाण उडविणारें पेनिसिलिन क्षयाच्या जंतूपुढें निष्प्रभ ठरलें तें यामुळेंच. तेव्हां औषधाची शक्ति ही एकट्या औषधाच्या अंगची वस्तु नव्हे. ती औषध आणि जंतु या दोघांमधील नात्यांत असते.

शिवाय हें नातें कायमचें नसतें. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा पाहण्याकरितां क्षयाच्या १०७ रोग्यांवर एक काटेकोर प्रयोग केला. त्याचा वृत्तांत १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. ५५ रोग्यांना औषध व विश्रांति, आणि ५२ रोग्यांना त्या काळच्या प्रघाताप्रमाणें नुसती विश्रांति. सहा महिन्यांच्या अखेरीस औषध मिळालेल्या गटांत ४ रोगी दगावले होते, तर दुसऱ्या गटांत १४. औषधाचा गुण याहून स्पष्ट काय दिसावा? परंतु त्याच वृत्तांतांत दुसरीही एक गोष्ट नमूद होती. सुधारूं लागलेल्या रोग्यांपैकीं कित्येकांची प्रकृति पुढें पुन्हा खालावली, आणि त्यांच्या थुंकींतील जंतु तपासतां असें आढळलें कीं, पहिल्या आठवड्यांत ज्या औषधानें ते मरत होते त्याच औषधांत ते आतां सुखानें वाढत आहेत.

हें कसें घडलें? रोग्याच्या फुप्फुसांत जंतूंची संख्या कोट्यवधि असते. त्यांत योगायोगानें एखाददुसरा जंतु असा निपजतो कीं, त्याला औषध बाधत नाहीं. औषधानें त्याचे बाकीचे सारे भाऊबंद मेले कीं मैदान त्याला मोकळें मिळतें, आणि थोड्याच अवधींत सगळी वस्ती त्याच्याच संततीची होते. औषध जंतूला काहीं शिकवीत नाहीं. तें केवळ निवड करतें. म्हणून पुढें क्षयावर एकाच वेळीं दोन-तीन औषधें देण्याची पद्धति रूढ झाली, कारण तिन्ही औषधांना एकदम तोंड देणारा जंतु योगायोगानें निपजणें फारच दुर्मिळ. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं तर १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना दिलेल्या व्याख्यानांतच, पेनिसिलिन अपुऱ्या मात्रेनें घेतल्यास जंतु त्याला दाद देईनासे होतील, असा इशारा देऊन ठेवला होता.

प्रश्न विचारण्याची रीत

आतां प्रयोगशाळेंत काय करतात तें पाहूं जातां सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी लागते. जंतूंची परीक्षा करावयाची तर प्रथम ते वाढवावे लागतात, आणि त्यासाठीं त्यांच्या अन्नाचा एक घट्ट, गुळगुळीत थर लागतो. जर्मनींत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेंत आरंभीं हा थर जिलेटिनचा करीत. पण जिलेटिन उन्हाळ्यांत वितळे, आणि कांहीं जंतु तर तें खाऊनच टाकीत. त्या प्रयोगशाळेंत काम करणारे वाल्टर हेस यांची पत्नी फॅनी हेस ही घरीं मुरंबे व जेली घट्ट करण्यास एक समुद्रशेवाळापासून काढलेला पदार्थ वापरीत असे. १८८१ च्या सुमारास तिनें तो सुचविला. हाच अगर, आपल्याकडील घरांतून ‘चायना ग्रास’ या नांवानें खरवसासारख्या वड्या घट्ट करण्यास जो वापरतात तोच हा. तो एकदां थिजला कीं शरीराच्या उष्णतेला वितळत नाहीं, आणि बहुतेक जंतूंना तो पचत नाहीं. १८८७ सालीं कॉख यांचे दुसरे सहकारी युलियस पेट्री यांनीं त्यासाठीं झाकणाची चपटी काचेची बशी योजिली. या दोन साध्या वस्तूंवर सारें जंतुशास्त्र आजही उभें आहे.

समजा, कळवण तालुक्यांतील एखाद्या आदिवासी पाड्यावरील बाईला थंडी वाजून ताप येतो आणि लघवीला जळजळ होते. रुग्णालयांत तिची लघवी स्वच्छ, निर्जंतुक बाटलींत घेतली जाते. येथें पहिला नियम असा कीं, नमुना औषधाची पहिली गोळी घेण्याच्या आधीं घ्यावयाचा. कारण गोळी पोटांत गेल्यावर जंतु अर्धमेले होतात आणि बशीवर वाढतच नाहींत. दुसरा नियम असा कीं, नमुना लवकर पोंचवावयाचा. उबेंत ठेवलेल्या लघवींत भलतेच जंतु तासादोनतासांत वाढूं लागतात, म्हणून पोंचविण्यास वेळ लागणार असेल तर ती थंड ठेवावी लागते. मोठ्या प्रयोगशाळा नाशिक शहरांत, आणि नाशिक कळवणहून ७५–८० किलोमीटर दूर. शास्त्राच्या पुस्तकांत या अंतराचा उल्लेख नसतो, परंतु परीक्षेचा निकाल कित्येकदां त्यावरच अवलंबून राहतो.

प्रयोगशाळेंत पोंचल्यावर नमुन्याचा एक थेंब तारेच्या फाशानें अगरवर रेघांनीं पसरतात आणि बशी रात्रभर उबेंत ठेवतात. दुसऱ्या दिवशीं अगरवर टांचणीच्या डोक्याएवढे ठिपके उगवलेले दिसतात. एकेक ठिपका म्हणजे एकेका जंतूपासून वाढलेली वस्ती. त्यावरून जंतु कोणता तें ओळखतात. अशा रोग्यांत तो बहुधा आंतड्यांत राहणारा एश्चेरिशिया कोलाय, ज्याला थोडक्यांत ई कोलाय म्हणतात, हाच निघतो.

यानंतर खरी परीक्षा सुरू होते. त्या वस्तींतील थोडे जंतु मिठाच्या पाण्यांत असे कालवतात कीं, पाणी ठराविक प्रमाणांतच गढूळ व्हावें. या गढूळपणाचें एक ठरलेलें माप आहे, आणि त्या मापाला एका मिलिलिटरांत सुमारें १५ कोटी जंतु असतात. कापसाचा बोळा त्यांत बुडवून तो नव्या बशींतील अगरवर तिन्ही दिशांनीं असा फिरवितात कीं, कोठेंही जागा कोरडी राहूं नये. अगरचा थरही चार मिलिमीटरच हवा. थर जाड झाला तर औषध खोल मुरतें आणि उत्तर बिघडतें. मग त्यावर ६ मिलिमीटर रुंदीच्या कागदी टिकल्या ठेवतात. प्रत्येक टिकलींत एकेका प्रतिजैविकाची मोजून घेतलेली मात्रा मुरलेली असते. बशी ३५ अंश सेल्सियस उष्णतेंत १६ ते १८ तास ठेवतात.

या तासांत बशीवर एक मूक शर्यत चाललेली असते. टिकलींतील औषध ओलसर अगरमधून चहूंकडे झिरपत जातें. टिकलीजवळ तें दाट, दूर जावें तसें विरळ. इकडे जंतु दुप्पट-चौपट होत अगर व्यापूं लागतात. जेथें औषध पुरेसें दाट असतें तेथें जंतु वाढत नाहींत. सकाळीं बशी उघडली म्हणजे सर्वत्र साय धरल्यासारखा जंतूंचा पांढुरका थर दिसतो, आणि कांहीं टिकल्यांभोंवतीं मात्र स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ. ज्या टिकलीला वर्तुळच नाहीं, जंतु ज्या टिकलीच्या अगदीं कडेपर्यंत येऊन भिडले आहेत, त्या औषधाला त्या जंतूनें धुडकावून लावलें असें समजावें.

फ्लेमिंग यांना लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत १९२८ सालीं बुरशीभोंवतीं जी मोकळी जागा दिसली तिचेंच हें शिस्तींत आणलेलें रूप. पुढें १९४० च्या सुमारास ऑक्सफर्ड येथें नॉर्मन हीटली यांनीं अगरवर लहान नळकांडीं उभीं करून त्यांत पेनिसिलिन भरलें आणि भोंवतालचें वर्तुळ मोजून पेनिसिलिनची ताकद ठरविली. नळकांड्यांची जागा कागदी टिकल्यांनीं घेतली. मात्र जो तो आपापल्या तऱ्हेनें टिकल्या ठेवीत असे, म्हणून एका रुग्णालयाचें उत्तर दुसऱ्याशीं जुळेना. १९६६ सालीं अमेरिकेंत सिएटल येथें आल्फ्रेड बाउअर, विल्यम कर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं थराची जाडी, जंतूंची संख्या, टिकलींतील मात्रा, उष्णता, तास, हें सारें एकदां निश्चित करून दिलें. जगभर हीच रीत त्यांच्या नांवानें चालते.

उत्तर वाचण्यांतील गफलत

बशी पाहून कोणालाही वाटेल कीं, ज्याचें वर्तुळ सर्वांत मोठें तें औषध सर्वांत चांगलें. येथेंच सामान्य माणूस फसतो. कांहीं औषधें अगरमधून भराभर पसरतात, कांहीं सावकाश. म्हणून प्रत्येक औषधाला त्याचें स्वतःचें माप लावावें लागतें. ई कोलायच्या बशींत सिप्रोफ्लॉक्सासिनभोंवतीं २० मिलिमीटरांचें वर्तुळ दिसलें तर त्याचा अर्थ जंतूनें औषधाला दाद दिली नाहीं असा होतो; आणि शेजारच्या जेन्टामायसिनभोंवतीं तेवढेंच २० मिलिमीटरांचें वर्तुळ असेल तर औषध लागू आहे असा होतो. एकाच रुंदीचीं दोन वर्तुळें, आणि अर्थ परस्परविरुद्ध! हीं मापें कोणाच्या मर्जीवर ठरत नाहींत. औषध घेतल्यावर रक्तांत किंवा लघवींत तें किती दाट होतें, आणि असे जंतु असलेले रोगी प्रत्यक्षांत किती बरे झाले, हें पाहून तीं ठरविलेलीं असतात, आणि नवा अनुभव येतां बदललींही जातात.

म्हणून चांगली प्रयोगशाळा स्वतःचीही परीक्षा घेत असते. ज्या जंतूचें वर्तुळ किती मिलिमीटर यावयास हवें हें सर्व जगाला ठाऊक आहे असा एक मानलेला जंतु ती जपून ठेवते आणि त्याची बशी नियमानें लावते. ते आंकडे चुकले तर त्या दिवशींच्या रोग्यांचे निकालही विश्वासार्ह नव्हेत. रोग्याच्या हातीं येणाऱ्या एका ओळीमागें ही एवढी खबरदारी असते.

जेथें अधिक बारकाई हवी तेथें दुसरी रीत वापरतात. नळ्यांच्या एका रांगेंत जंतूंचें पातळ अन्न घेऊन पहिल्या नळींत औषधाची कांहीं मात्रा, दुसरींत तिच्या निम्मी, तिसरींत तिच्याही निम्मी, अशी घालीत जातात, आणि सर्वांत सारखे जंतु सोडतात. दुसऱ्या दिवशीं कांहीं नळ्या निवळ राहतात, कांहीं गढूळ होतात. निवळ राहिलेल्यांपैकीं सर्वांत कमी औषधाची नळी जी, तिच्यांतील मात्रा म्हणजे जंतूची वाढ रोखणारी किमान मात्रा. रोग्याच्या शरीरांत औषध एवढें दाट होऊं शकतें कीं नाहीं, हा मग डॉक्टरांचा विचार.

पण बशी म्हणजे शरीर नव्हे, हेंही विसरतां कामा नये. बशींत पू नसतो, किडनींतील खडा नसतो, रोग्याची स्वतःची प्रतिकारशक्तिही नसते. त्यामुळें ‘लागू’ असें उत्तर आल्यानें रोगी बरा होईलच अशी शाश्वती मिळत नाहीं. उलट ‘लागू नाहीं’ हें उत्तर मात्र बहुधा खरें ठरतें. म्हणजे या परीक्षेचा सर्वांत मोठा उपयोग कोणतें औषध देऊं नये हें कळण्यांत आहे.

घाईची किंमत

ई कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणून त्याचें उत्तर दोन-तीन दिवसांत मिळतें. क्षयाच्या जंतूला दुप्पट व्हावयास जवळजवळ एक दिवस लागतो. त्यामुळें जुन्या रीतीनें त्याचें उत्तर मिळण्यास आठवड्यांमागून आठवडे जात. एवढा काळ थांबणार कोण? रोगी थांबत नाहीं, डॉक्टरालाही थांबवत नाहीं, आणि अंदाजानें औषधें सुरू होतात.

याचा परिणाम काय होतो तें मुंबईंत दिसून आलें. पी. डी. हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उडवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, प्रयोगशाळेंत तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी आढळल्याचें प्रसिद्ध केलें. २०१२ च्या आरंभीं त्या वृत्तानें देशभर खळबळ उडाली. त्यांपैकीं तिघांना पूर्वीं निरनिराळ्या खाजगी डॉक्टरांकडून राखीव औषधें एकेक करून, अनियमितपणें व कित्येकदां चुकीच्या मात्रेंत मिळालेलीं होतीं. एक औषध चालेना म्हणून दुसरें, तें चालेना म्हणून तिसरें. भारी औषधाच्या समजुतीचा हा शेवटचा मुक्काम. त्याच लेखांत धारावींतील एका पाहणीचाही उल्लेख होता. बऱ्याच औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा एक काल्पनिक रोगी समोर ठेवून १०६ खाजगी डॉक्टरांना चिठ्ठी लिहावयास सांगितली असतां अवघ्या ५ जणांची चिठ्ठी बरोबर ठरली.

या रोग्यांना ‘सर्वथा प्रतिरोधी’ म्हणावें कीं नाहीं यावर पुढें वाद झाला. जागतिक आरोग्य संघटनेचें म्हणणें असें पडलें कीं, राखीव औषधांपैकीं कांहींच्या परीक्षा पुन्हा केल्यास तेंच उत्तर येईल इतक्या भरंवशाच्या नाहींत. हा आक्षेप रोग्यांच्या दुःखाविषयीं नव्हता, शब्दाविषयीं होता. परंतु त्यांतून परीक्षेच्या शिस्तीचें महत्त्वच अधोरेखित झालें. प्रश्न नीट विचारला नाहीं तर उत्तरालाही अर्थ राहत नाहीं.

यावर विज्ञानानें एक मार्ग काढला आहे. जंतु वाढण्याची वाट न पाहतां, त्याच्या अंगांतील ज्या जनुकांत बदल झाल्यानें तो औषधाला दाद देईनासा होतो तें जनुकच थेट तपासावयाचें. सरकारी दवाखान्यांतून ‘सीबी-नॅट’ या नांवानें ओळखलें जाणारें यंत्र क्षयाचा जंतु आहे कीं नाहीं आणि रिफाम्पिसिन हें मुख्य औषध त्याला लागू आहे कीं नाहीं, हें सुमारें दोन तासांत सांगतें. गोव्यांतील मोलबायो या कंपनीनें तयार केलेलें ‘ट्रूनॅट’ हें त्याहून लहान व बॅटरीवर चालणारें यंत्र. २०२० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्याला मान्यता दिली. जेथें वीज बेभरंवशाची आणि मोठी प्रयोगशाळा दूर, अशा डोंगरी तालुक्यांच्या दृष्टीनें या शोधाचें मोल फार आहे. मात्र यंत्राला जे बदल शोधावयास सांगितले तेवढेच तें शोधतें. जंतूनें नवी युक्ति काढली असेल तर ती कळण्यास अजूनही बशीच लागते.

पुन्हा बागेकडे

आतां कळवणच्या डाळिंबाकडे परत येतां येईल. झँथोमोनासची परीक्षाही याच रीतीनें होते. फक्त त्याला माणसाच्या शरीरापेक्षां थोडी कमी ऊब मानवते, आणि त्याची वाढ पिवळसर, बुळबुळीत दिसते. टिकलीभोंवतीं वर्तुळ उमटलें तरी बागेंत तसाच गुण येईल असें नाहीं. फवाऱ्याचें औषध पानाच्या पृष्ठभागावर पडतें, उन्हानें निकामी होतें, पावसानें धुऊन जातें. आणि जंतु तर पानाच्या व सालीच्या आंत दडलेला. म्हणजे पुष्कळ ठिकाणीं औषध त्याच्यापर्यंत पोंचतें तें विरळ होऊनच, आणि विरळ औषध म्हणजे निवड करणारी चाळणी. अमेरिकेंत सफरचंद व नासपतीच्या बागांतून स्ट्रेप्टोमायसिन फवारण्याची चाल होती. तेथील एका रोगाचे जंतु १९७० नंतरच्या दशकांत त्याला दाद देईनासे झाले. त्या जंतूंतील प्रतिरोधाचीं जनुकें एका जातीच्या जंतूंतून दुसऱ्या जातीच्या जंतूंत जाऊं शकणारीं निघालीं, आणि तींच जनुकें माणसाच्या रोगजंतूंतही आढळलेलीं आहेत. जंतूंच्या जगांत बाग व दवाखाना यांच्यामध्यें कुंपण नाहीं.

हाच धोका ध्यानांत घेऊन केंद्र सरकारच्या कृषि मंत्रालयानें डिसेंबर २०२१ मध्यें शेतींत स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लीन यांच्या वापरावर बंदी घालणाऱ्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला, आणि पूर्ण बंदीसाठीं १ जानेवारी २०२४ ही तारीख त्यांत घातली. ज्याची बाग डोळ्यांदेखत जात आहे त्याला असा नियम जाचक वाटला तर नवल नाहीं. परंतु तेल्याचा खरा बंदोबस्त पुडींत कधींच नव्हता. सोलापूर येथें २००५ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा भर दुसऱ्याही गोष्टींवर आहे: रोगमुक्त रोपें लावणें, छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करणें, पडलेलीं पानें व फळें वेंचून नष्ट करणें, झाडांना विश्रांति देणें, बोर्डो मिश्रण वापरणें, आणि रोगट बागेंत पावसाळी मृग बहार टाळून हस्त किंवा आंबे बहार धरणें. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर जो जंतु झाडावरून झाडावर उडतो त्याला पावसांत फळच देऊं नये, हा विचार कोणत्याही फवाऱ्याहून शहाणपणाचा आहे.

शहरांतील सुशिक्षित घरांना यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. औषधांच्या कांहीं पट्ट्यांवर उभी तांबडी रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून हें औषध घेऊं नये असा तिचा अर्थ असून सरकारनें २०१६ सालीं तिच्या प्रचाराची मोहीमही काढली होती. कपाटांत उरलेल्या चार गोळ्या पुढच्या तापाला उपयोगी पडतील म्हणून जपून ठेवणें ही काटकसर नव्हे. सर्दी-पडसें बहुधा विषाणूंचें असतें, आणि विषाणूंना प्रतिजैविक मुळींच लागू पडत नाहीं; तेथें घेतलेली गोळी शरीरांतील निरुपद्रवी जंतूंतच निवड करीत बसते. आणि डॉक्टरांनीं जंतूंची परीक्षा करावयास सांगितली तर तिचा खर्च व दोन दिवसांचा विलंब हा अपव्यय समजूं नये. रोग गंभीर असेल तर डॉक्टर थांबत नाहींत. नमुना घेऊन अंदाजानें औषध सुरू करतात आणि उत्तर येतांच तें बदलतात. नमुना आधीं आणि गोळी नंतर, एवढा क्रम मात्र सांभाळला जावा लागतो.

कळवणच्या त्या पाड्यावरील बाईची बाटली घाट-रस्ता ओलांडून नाशिकला पोंचते, अगरवर एक रात्र जाते, टिकल्यांभोंवतीं दुसरी रात्र जाते, आणि तिसऱ्या दिवशीं एका कागदावर उत्तर उतरतें. त्या कागदावर स्वस्तांतील जुनी गोळी लागू म्हणून निघाली तर घरचे हिरमुसतात, आणखी भारी कांहीं नाहीं का, असें विचारतात. वास्तविक त्याहून चांगली बातमी दुसरी नसते. जुनें औषध अजून चालतें, याचा अर्थ नवीन औषध उद्यां कोणासाठीं तरी शिल्लक आहे.